इतिहासातील देखणी माणसे कशी पाहावीत

होऊन गेलेल्या एखाद्या थोर व्यक्तीच्या रूपावर मन जडावे, यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. पराक्रम, राज्यकारभार, विद्वत्ता यांविषयी आपण मोकळेपणाने बोलतो. पण अमुक राजा देखणा होता, अमुक राणी सुरेख होती, असे म्हणताना गंभीर वाचक बिचकतो, कारण रूपाची वाखाणणी केली की कर्तृत्व उणे होते, अशी त्याची समजूत असते. आपल्या पूर्वजांची तशी समजूत नव्हती. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची जी प्रशस्ती कोरवून घेतली आहे, तीत शक, यवन आणि पल्हव यांचा त्याने केलेला पाडाव नोंदवला आहेच. पण त्याच भिंतीवर त्याचे मुख सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखे निर्मळ, दर्शन पूर्णचंद्रासारखे प्रिय, चाल उत्तम हत्तीसारखी डौलदार आणि बाहू नागराजाच्या देहासारखे पुष्ट व लांब होते, असेही सांगितले आहे. हा लेख नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षातला आहे. मुलाच्या विजयांबरोबर त्याचे दिसणेही दगडावर टिकावे, असे त्या आईला वाटले.

तेव्हा कौतुक जरूर करावे. मात्र ते करताना एक अट पाळावी, आणि या लेखातील सगळ्या सूचना त्या एका अटीतून निघालेल्या आहेत: ज्या रूपाचे आपण कौतुक करतो, ते खरोखर त्याच माणसाचे असले पाहिजे. ते एखाद्या नटाचे, नंतरच्या चित्रकाराच्या कल्पनेचे किंवा संगणकाने गुळगुळीत केलेल्या भलत्याच चेहऱ्याचे असेल, तर त्या माणसाच्या वाट्याला आपले कौतुक पोहोचतच नाही.

आधी चित्राची चौकशी करावी

एखादा चेहरा आवडला की पहिला प्रश्न असा विचारावा की, चित्र काढणाऱ्याने त्या व्यक्तीला डोळ्यांनी पाहिले होते का. या एका प्रश्नाने बरीच निवड होते. काही चित्रे व्यक्तीच्या हयातीत, तिला समोर बसवून काढलेली असतात. काही तिच्या काळातली, पण ऐकीव माहितीवरून किंवा दुसऱ्या चित्रावरून उतरवलेली असतात. आणि पुष्कळशी, किंबहुना आपल्या घरांतील आणि शाळांतील बहुतेक, शंभर-दोनशे वर्षांनंतर कल्पनेने काढलेली असतात. तिसऱ्या प्रकारची चित्रे वाईट नसतात. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापखान्यातून निघालेल्या रंगीत चित्रांनी भरदार चेहरा, टपोरे डोळे आणि केतकी कांती हा सौंदर्याचा नमुना घरोघर रुजवला. पुढच्या कित्येक चित्रकारांनी ऐतिहासिक राण्यांनाही तोच चेहरा दिला. अशा चित्राचे कौतुक करावे, पण ते चित्रकाराच्या हाताचे म्हणून करावे. राणीच्या रूपाचा पुरावा म्हणून ते पुढे ठेवू नये.

चौकशी न केल्याने काय होते, याचे ठळक उदाहरण आपल्याच घरचे आहे. एका मुसलमान सरदाराचे, इब्राहीम खानाचे, चित्र बराच काळ शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचे चित्र शोधून लोकांपुढे आणले, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. ज्यांनी त्या जुन्या चित्रापुढे हात जोडले, त्यांची भक्ती खरीच होती. चेहरा मात्र दुसऱ्याचा होता.

कधी कधी चौकशीअंती हाती काहीच लागत नाही, आणि तेही स्वीकारावे लागते. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा एका रांगेत कोरलेल्या होत्या. सिमुक, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, राजपुत्र आणि महारठी यांची नावे त्या त्या जागी वर अजून वाचता येतात. खालच्या आकृती मात्र नष्ट झाल्या असून पावलांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. नागनिका कशी दिसत होती, हे आता कोणीही सांगू शकत नाही. तिचा म्हणून एखादा सुंदर चेहरा कोणी पुढे केला, तर तो नम्रपणे बाजूला ठेवावा.

पाहणाऱ्यांच्या जबान्या शेजारीशेजारी ठेवाव्यात

चित्राइतकाच, पुष्कळदा चित्राहूनही अधिक, आनंद समकालीन वर्णनांत असतो. पण एकच वर्णन घेऊन थांबू नये. किमान दोन, जमल्यास तीन वर्णने एका कागदावर शेजारीशेजारी लिहावीत, आणि ती कुठे जुळतात व कुठे फाटतात हे पाहावे. ही रीत शिवाजी महाराजांच्या बाबतीत किती फळ देते, ते जरा सविस्तर सांगतो.

१६६४ च्या जानेवारीत, सुरतेवरील स्वारीनंतर काही दिवसांतच, तिथल्या इंग्रज वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलियट याने इंग्लंडला एक पत्र धाडले. ज्यांनी महाराजांना पाहिले होते, त्यांच्या सांगण्यावरून तो लिहितो की, त्यांची उंची बेताची, आपल्याहून थोडी कमीच आहे. अंगकाठी ताठ आणि अत्यंत प्रमाणबद्ध आहे. हालचालीत चपळाई आहे. बोलताना ते हसल्यासारखे दिसतात. नजर चंचल आणि भेदक आहे. आणि वर्णाने ते आपल्या लोकांत सर्वांहून उजळ आहेत. दुसरी नोंद १६६६ ची, आग्र्याची. राजपुतान्यातील अंबरच्या दरबाराशी संबंधित परकालदास याने राजस्थानीत लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, शिवाजीची चण पाहायला गेले तर लहानखुरी दिसते, रंग पुष्कळ गोरा आहे, आणि कोण आहे हे न विचारताच हा राजा असल्याचे कळते. तिसरा साक्षीदार म्हणजे १६६६-६७ मध्ये हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो. त्याच्या मते महाराज ठेंगणे आणि सावळ्या वर्णाचे होते, आणि त्यांच्या चंचल डोळ्यांतून तल्लख बुद्धी दिसत असे.

आता कागदाकडे पाहावे. चण लहान होती, यावर तिघांचे एकमत आहे. डोळ्यांविषयी एक इंग्रज आणि एक फ्रेंच, एकमेकांचे न वाचता, जवळजवळ तेच बोलतात. वर्णाविषयी मात्र दोघे एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला आहे, आणि याचे कारणही समजण्यासारखे आहे: वर्ण हा नेहमी कोणाच्या तरी तुलनेत सांगितला जातो. एस्कॅलियटने ती तुलना उघडपणे महाराजांच्या माणसांशी केली. थेवेनोच्या मनात त्याच्या स्वतःच्या देशातील माणसे असावीत. म्हणजे निश्चितपणे वाखाणायचे असेल, तर त्या नजरेला वाखाणावे, ताठ आणि प्रमाणबद्ध बांध्याला वाखाणावे, आणि बोलताना उमटणाऱ्या त्या हसऱ्या छटेला वाखाणावे. पुतळ्यांत आणि चित्रांत महाराज बहुधा उग्र, भव्य आणि उंचेपुरे दिसतात. मला स्वतःला लहान चणीचा, न विचारता राजा म्हणून ओळखू येणारा, बोलताना हसरा वाटणारा हा माणूस त्याहून कितीतरी अधिक देखणा वाटतो. आग्र्याच्या त्या पत्रातील वाक्य वाचल्यावर उंचीची उणीव कुणाला जाणवेल?

याच कसोटीवर झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंविषयीचे दोन उल्लेख पाहण्यासारखे आहेत. जॉन लँग हा वकील १८५४ मध्ये, संस्थान खालसा झाल्यानंतर, सल्ल्यासाठी झाशीला बोलावला गेला होता. राणी पडद्याआड बसून त्याच्याशी बोलत होत्या. बोलणे चालू असताना त्यांच्या दत्तक मुलाने पडदा बाजूला केला आणि लँगला त्या क्षणभर दिसल्या. तो लिहितो की, त्या मध्यम उंचीच्या आणि किंचित भरलेल्या अंगाच्या होत्या. डोळे विशेष सुंदर आणि नाक फार नाजूक घडणीचे होते. वर्ण फार गोरा नव्हता, पण काळाही मुळीच नव्हता. अंगावर साधे पांढरे तलम वस्त्र होते, आणि कानांतील सोन्याच्या कुड्यांखेरीज दागिना नव्हता. आवाज मात्र त्याला आवडला नाही. दुसरे साक्षीदार वरसईचे विष्णुभट गोडसे. ते सत्तावनच्या धामधुमीत झाशीत होते आणि पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी आपल्या प्रवासाची हकिकत लिहिली. त्यांच्या आठवणीतील बाईसाहेब कधी पायजमा, अंगरखा, डोक्याला टोपीवर बांधलेले पागोटे आणि कमरेला तलवार अशा पुरुषी वेषात दरबारात येतात.

ही दोन वर्णने एकमेकांना खोडत नाहीत. एकात राज्य गेलेली, पडद्याआडून न्याय मागणारी तरुण विधवा आहे. दुसऱ्यात राज्य हाती घेतलेली धनीण आहे. मधे केवळ तीन-चार वर्षे गेली आहेत. मात्र दोघांनाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. लँगला त्या क्षणभरच दिसल्या, तो परपुरुष होता, परदेशी होता, आणि पुढे इंग्रज वाचकांसाठी चटकदार लिहिणारा लेखक होता; स्त्रीच्या अंगलटीवर तो जो शेरा मारतो, तो बाईंपेक्षा त्याच्याविषयी अधिक सांगतो. गोडसे भटजी आश्रित होते, भक्तिभावाने पाहत होते, आणि आठवणीतून लिहीत होते. इतके ध्यानात घेऊनही ते डोळे, ते नाक आणि दागिन्यांविना उठून दिसणारे पांढरे वस्त्र शिल्लक राहतेच. राणीचा म्हणून जो फोटो सगळीकडे फिरतो, त्याची खात्री पटवणारा उगम कुणी दाखवलेला नाही; त्यापेक्षा हा क्षणभर सरकलेला पडदा कितीतरी भरवशाचा आहे.

ज्या साधनात चेहरा उतरला, त्याचे नियम शिकून घ्यावेत

प्रत्येक साधन चेहऱ्यात आपले काहीतरी मिसळते. ते वजा करता आले, तरच उरलेला चेहरा त्या माणसाचा म्हणता येतो. यासाठी सर्वांत सोपी युक्ती अशी की, त्याच चित्रशाळेतील किंवा त्याच टांकसाळीतील दुसऱ्या चार व्यक्तींच्या प्रतिमा शेजारी ठेवाव्यात. जे सगळ्यांत सारखे आहे ते शैलीचे. जे एकातच आहे ते माणसाचे.

सतराव्या शतकातील गोवळकोंड्याची लघुचित्रे या युक्तीसाठी उत्तम आहेत. ती पुष्कळदा युरोपीय ग्राहकांसाठी संचात काढली जात, आणि अशाच एका संचातील शिवाजी महाराजांचे चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. मोठा रेखीव डोळा, तलम कापडाच्या घड्या, स्थिर मुद्रा हे त्या संचातील सुलतानांपासून सरदारांपर्यंत सर्वांना मिळालेले आहे. म्हणून त्या चित्रातील डोळ्याच्या आकारावर भाळू नये. नाकाची लांबी आणि दाढीचे टोक मात्र व्यक्तिपरत्वे बदलते, आणि महाराजांच्या निरनिराळ्या जुन्या चित्रांत ते पुन्हा पुन्हा दिसते. १६७७ मध्ये महाराज गोवळकोंड्याला गेले होते, त्यामुळे तिथल्या एखाद्या चित्रकाराने त्यांना पाहिले असण्याचा संभवही आहे. चित्रातील वैशिष्ट्य आणि चित्रकाराला मिळालेली संधी अशी जुळली, की कौतुकाला भक्कम आधार मिळतो.

नाण्यांवरच्या चेहऱ्यांबाबत अधिक सावध राहावे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप, म्हणजे शकांचा प्रांताधिपती, नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला आहे. नाव सगळीकडे नहपानाचेच, पण चेहरे पाहिले तर कुठे तरणाबांड, कुठे गाल बसलेला म्हातारा, कुठे नाक सरळ तर कुठे बाकदार. एवढ्या नाण्यांतून एक नहपान निवडून त्याला देखणा म्हणणे धाडसाचे आहे. रोमचा सम्राट ऑगस्टस याच्या बाबतीत नेमके उलटे घडले. तो पंचाहत्तरी ओलांडून वारला, पण त्याचे पुतळे अखेरपर्यंत तरुणच राहिले. चरित्रकार स्वेटोनियस त्याला सर्व वयांत अत्यंत देखणा म्हणतो, आणि त्याच परिच्छेदात त्याचे दात विरळ, बारीक आणि किडके असल्याचेही सांगतो. मला हे वर्णन पुतळ्यांहून अधिक प्रिय आहे. दातांसह देखणा असलेला माणूस खरा वाटतो.

बर्लिनच्या संग्रहालयातील, प्राचीन इजिप्तची राणी नेफर्तिती हिच्या अर्धपुतळ्यात तर हा सगळा विचार एकाच वस्तूत साठला आहे. डिसेंबर १९१२ मध्ये इजिप्तमधील अमार्ना येथे, थुटमोस या शिल्पकाराच्या कार्यशाळेत तो सापडला. चुनखडीच्या दगडावर गिलाव्याचा थर आणि त्यावर रंग अशी त्याची घडण आहे. डाव्या डोळ्यात बुबुळ बसवलेले नाही. पुढे क्ष-किरण तंत्राने आतला दगड तपासला, तेव्हा आत एक वेगळा चेहरा आढळला: तोंडाच्या कडांना बारीक सुरकुत्या आणि नाकावर हलका उंचवटा. शिल्पकाराने आधी हे कोरले आणि मग गिलाव्याने मऊ केले. ज्याला खरे कौतुक करायचे आहे, त्याने बाहेरच्या निष्कलंक चेहऱ्याइतकाच त्या आतल्या, वय दिसणाऱ्या चेहऱ्याचाही विचार करावा.

जुना फोटो वाचण्याची रीत

फोटो खोटे बोलत नाही, हा समज एकोणिसाव्या शतकातील फोटोंना लागू पडत नाही. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला चटकन दाद देत आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच देत नसत. परिणाम असा की, कपाळाचे कुंकू काळा ठिपका होऊन उमटते, लाल लुगडे काळे दिसते, घारे-निळे डोळे पांढुरके आणि निर्जीव वाटतात, आणि गव्हाळ किंवा तांबूस कांती प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ गडद येते. शिवाय प्रकाश पुरेसा पडेपर्यंत माणसाला निश्चल राहावे लागे, म्हणून चेहरे ताठरलेले असतात. त्या ताठरपणाला कोणी करारी स्वभाव म्हणते, कोणी दुःख म्हणते. बऱ्याचदा ती नुसती स्थिर बसण्याची मेहनत असते.

हे ध्यानात ठेवून आनंदीबाई जोशी यांचा १८८५ च्या ऑक्टोबरातील फोटो पाहावा. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो घेतला गेला. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोषाखात आहेत: साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या पारंपरिक वेषातील सीरियाच्या सबात इस्लामबूली. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. पुढच्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस पूर्ण होण्याआधीच, त्या गेल्या. हे आपल्याला ठाऊक असल्याने त्यांच्या चेहऱ्यावर आपण आधीच करुणा पाहू लागतो. ती क्षणभर बाजूला सारावी. मग गोल, अजून कोवळा चेहरा दिसतो. भरदार ओठ दिसतात. आणि परक्या देशात आपल्याच पोषाखात बसलेल्या मुलीची निर्धास्त बैठक दिसते. या चेहऱ्याला सुंदर म्हणायला कोणत्याही शोकांतिकेची गरज नाही.

जुन्या फोटोंना रंग देऊन, त्वचा घासूनपुसून, डोळे मोठे करून जे नवे रूप आता यंत्राने तयार होते, ते मात्र कौतुकासाठी वापरू नये असे माझे ठाम मत आहे. असे यंत्र रंग ओळखत नाही, तर सुचवते. आणि सुचवताना ते कांती उजळ करण्याकडे झुकते. ज्या माणसाला आपण प्रेमाने पाहतो, त्याला परवानगीवाचून गोरे करणे हा त्याचा गौरव नव्हे. विठ्ठलाच्या सावळ्या रूपाला शतकानुशतके सुंदर म्हणत आलेल्या वारकऱ्यांच्या मुलखात तर याची लाज वाटायला हवी. साक्षीदाराने वर्ण सांगितला असेल तर तो त्याच्या शब्दांत सांगावा, नसेल तर वर्णाचा विषयच काढू नये.

त्या काळाच्या आवडीनिवडी समजून घ्याव्यात

आजची नजर घेऊन पेशवाईतील चेहरा पाहिला, तर गुळगुळीत डोके आणि शेंडी, कानाच्या वरच्या पाळीतील मोत्यांची भिकबाळी, गालांवरचे कल्ले हे सगळे आधी खटकते. स्त्रियांचे मिशरीने काळे झालेले दात तर आज कुणालाच सुंदर वाटत नाहीत. पण एके काळी ते शोभेचे मानले जात, आणि जपानमध्येही थोरामोठ्यांच्या घरांत दात मुद्दाम काळे करण्याची चाल होती. अशा वेळी तळहाताने चित्रातील पगडी आणि दागिने झाकून आधी फक्त चेहरा पाहावा: कपाळ, भुवया, डोळ्यांमधले अंतर, नाक, ओठांची ठेवण, हनुवटी. मग हात काढून पूर्ण चित्र पाहावे. बहुतेक वेळा पगडी आणि भिकबाळीसह तोच चेहरा अधिक खुललेला दिसतो, कारण तो त्या साजासाठीच बसवलेला असतो.

जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात काढलेल्या चित्रांवर हे करून पाहावे. १७९२ च्या सुमारास तो पुण्यास आला आणि सवाई माधवराव व नाना फडणीस यांना समोर बसवून त्याने त्यांची चित्रे केली. तरुण पेशवा मोत्यांनी आणि रत्नांनी मढलेला आहे, चेहऱ्यावर अठरा वर्षांची मऊ गोलाई आहे. शेजारचे नाना पन्नाशीतले, पांढऱ्या साध्या वस्त्रांतले, सडपातळ आणि लांबट चेहऱ्याचे आहेत. पहिल्या नजरेला देखणा पेशवाच. पण तळहाताने दोघांच्या पगड्या आणि दागिने झाकले-उघडले, की माझी नजर दर वेळी नानांच्या त्या उभट, जागत्या चेहऱ्यावर जास्त वेळ थांबते. पेशवा आणि चित्रकार दोघेही १७९५ मध्ये वारले, तेव्हा ते तारुण्य ज्याने समोर बसवून रंगवले, तो त्यानंतर फार दिवस जगला नाही.

चित्रात न मावणारे रूप

काही माणसांचे सौंदर्य हालचालीत आणि आवाजात असते, आणि ते शोधायला चित्र सोडून मजकुराकडे जावे लागते. क्लिओपात्राच्या नाण्यांवर बाकदार नाक आणि पुढे आलेली हनुवटी दिसते, आणि पाहणारे निराश होतात. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने तर शंभरावर वर्षांनंतर स्पष्टच लिहिले आहे की, तिचे रूप एकमेवाद्वितीय नव्हते. मोहिनी होती ती तिच्या सहवासात, बोलण्यात आणि अनेक तारांच्या वाद्यासारख्या आवाजात. बालगंधर्वांचे स्त्रीवेषातील फोटो आज पाहिले, तर रूप दिसतेच. पण पदर सावरण्याची जी लकब पाहून तेव्हाच्या घरंदाज बायका तशा नेसू लागल्या, ती फोटोत अर्धीच येते. इथे समकालीनांच्या आठवणी वाचाव्यात आणि गाण्याची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकावीत; मग पुन्हा फोटोकडे यावे.

कौतुक शब्दांत मांडताना

वर्णन करायला बसले की आपल्या हाताशी राजबिंडा, रूपवान, नाकीडोळी नीटस असे तयार शब्द असतात. ते वापरावेत, पण त्यांच्या पाठोपाठ निदान एक नेमकी गोष्ट सांगावी, आणि ती कोणी पाहिली तेही सांगावे. "महाराज तेजस्वी होते" एवढ्याने वाचकाला काही दिसत नाही; "बोलताना ते हसल्यासारखे दिसत, असे सुरतेच्या इंग्रजाने ऐकले होते" असे म्हटले की चेहरा हलू लागतो. ज्या व्यक्तींविषयी समाजाच्या मनात पूज्यभाव आहे, त्यांच्या रूपाविषयी लिहिताना बहुवचन आणि मर्यादा सोडू नये; कौतुक आणि लगट यांतील अंतर वाचकाला लगेच कळते. स्त्रियांविषयी लिहिताना अंगलटीचे मोजमाप टाळावे आणि तिने स्वतः कोणता वेष, कोणता साज निवडला यावर लिहावे. लक्ष्मीबाईंचे पांढरे वस्त्र आणि पागोटे दोन्ही त्यांची स्वतःची निवड होती. बालविवाहाच्या काळातील मुलींचे फोटो असतील, तर तिथे रूपाची चर्चा करूच नये. आणि रूपावरून स्वभावाचा निवाडा करण्याचा मोह आवरावा: धारदार नाक म्हणजे करारीपणा नव्हे, आणि घारे डोळे म्हणजे कपट नव्हे.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाणी आणि लघुचित्रे, औंधचे श्री भवानी संग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि बडोद्याच्या फत्तेसिंह संग्रहालयातील रविवर्म्याची राजघराण्याची चित्रे यांपासून सुरुवात करता येईल. एका भेटीत सगळी दालने पालथी घालू नयेत. दोन चेहरे ठरवून जावे आणि प्रत्येकापुढे किमान पंधरा मिनिटे उभे राहावे. पहिली काही मिनिटे दागिने आणि कापड पाहण्यात जातात, त्यानंतर चेहरा दिसू लागतो. नाण्यासाठी खिशात छोटे भिंग ठेवावे. जिथे जाणे शक्य नाही, तिथे परदेशी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरील मोठ्या आकाराची छायाचित्रे वापरावीत. राइक्स संग्रहालयाची तर विनामूल्य उतरवून घेता येतात. ती फोनवर न पाहता मोठ्या पडद्यावर उघडावीत, दाढीचा एकेक केस सुटा दिसेपर्यंत मोठी करावीत, आणि चित्राखालची नोंद, म्हणजे साल, ठिकाण आणि चित्रकार, चेहऱ्याआधी वाचावी.